दारातलं लग्न : यादी पंगतीवरून करा

दारात मांडव घालून लग्न करायचं ठरलं की पहिली वही निघते ती पाहुण्यांच्या यादीची, आणि तिथेच गणित चुकतं. यादी नात्यांवरून केली तर ती दीडशेच्या खाली येतच नाही. एका मावशीला बोलावलं की उरलेल्या तिघी आल्याच. म्हणून आधी टेप घ्या आणि अंगण मोजा. एका वेळी किती पानं मांडता येतील तो आकडा काढा, त्याची दुप्पट करा आणि तिथे थांबा. दोन पंगतींत उरकतं तोवर लग्न घरचं राहतं. तिसरी पंगत लागली की शेवटची माणसं साडेतीनला जेवतात, भात गार झालेला असतो, वाढपी थकलेले असतात आणि ज्यांचं लग्न ते दोघं अजून उपाशीच असतात.

मापं अशी धरा. खाली बसून जेवणाऱ्या माणसाला रुंदीत दोन फूट लागतात. समोरासमोरच्या दोन ओळींना एकूण दहा फूट: दोन्हीकडे बसायला दोन-दोन, पानाला दीड-दीड आणि मध्ये वाढायला तीन फुटांची वाट. ही वाट दोन फुटांवर आणली तर वरणाचं भांडं घेऊन जाणाऱ्याचा पाय कुणाच्या तरी पानाला लागतोच. या हिशेबाने २० बाय २० फुटांच्या जागेत चार ओळींत ४० पानं बसतात, म्हणजे दोन पंगतींत ८०. विधींसाठी १० बाय १२ फुटांची जागा वेगळी हवी. तिच्यातच पंगत मांडायचा बेत करू नका, कारण जेवणं सुरू होतात तेव्हा सप्तपदी व्हायची असते आणि होमकुंड गरम असतं. खाली सगळी मापं ८० माणसांची दिली आहेत.

दारातल्या लग्नाची खरी मजा या आकड्यातच आहे. ८० माणसांत अंतरपाट धरलेला प्रत्येकाला दिसतो, लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा त्याचा चेहरा शेवटच्या खुर्चीवरून वाचता येतो, आणि आजीला बरं वाटेनासं झालं तर ती स्वतःच्या खोलीत जाऊन पडते. चार वाजता हॉल रिकामा करा म्हणून कुणी दिवे बंद करायला येत नाही.

गुरुजींशी बोलताना

गुरुजी ठरवताना दोन गोष्टी आधी विचारा: विधींना एकूण किती वेळ लागेल, आणि मुहूर्तापूर्वी किती व नंतर किती. सगळं साग्रसंगीत केलं तर चार-पाच तास सहज जातात. देवक, पुण्याहवाचन हे आदल्या दिवशी संध्याकाळी उरकून घेता येतं, आणि घरचं लग्न असल्यामुळे ते करणं सोपंही जातं, कारण सगळी घरातच असतात. लग्नाच्या दिवशी मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांना दीड तास धरा.

विधी आटोपते घेतलेत तरी सप्तपदी गाळू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे दोन्हीपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी व्हावे लागतात, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. नुसती नोंदणी केली, विधी झालेच नाहीत, तर तो हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोटोवाल्याला सातही पावलांचे फोटो काढायला सांगून ठेवा.

ज्यांना होमहवन नको त्यांना वाटा आहेतच. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने भटजींशिवाय, प्रतिज्ञा आणि मंगलाष्टकांसह लग्न लागतं, आणि ते तासाभरात होतं. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तर विवाह अधिकाऱ्यालाच घरी बोलावता येतं. कार्यालयापासून वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून दुसऱ्या जागी विवाह लावायची सोय कलम १२ मध्ये आहे. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तारीख ठरवण्याआधी हे दिवस मोजा.

सामानाची यादी गुरुजींकडून लिहून घ्या, फोनवर ऐकून नको. प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते. तरी ऐनवेळी कमी पडणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत: सुट्टी नाणी, सुपाऱ्या (५० आणा, २५ पुरत नाहीत), विड्याची पानं, साळीच्या लाह्या, लाह्यांसाठी नवं सूप, अंतरपाटाचं दोन मीटर कापड, आणि काडेपेटी. काडेपेटी खरंच. उदबत्ती, निरांजन, होम, स्वयंपाकघर अशा चार ठिकाणी ती लागते आणि घरात एकच असते.

मांडव आणि होम

मांडववाल्याला फुलांच्या आधी उताराबद्दल विचारा. नोव्हेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये अवकाळी पावसाची सर कधीही येते. नुसतं कापड पाच मिनिटांत झिरपतं, आणि वर सपाट ताडपत्री ताणली असेल तर पाणी साठून पोट धरतं व खांब आत ओढले जातात. दर दहा फुटांना एक फूट उतार हवा आणि तो पंगतीच्या उलट बाजूला काढलेला हवा. मे महिन्यातला दुपारचा मुहूर्त असेल तर पश्चिमेची कनात खालपर्यंत बंद, पूर्व आणि उत्तर उघडी. चारी बाजू बंद केल्या तर पंखे लावूनही आत भट्टी होते. गोरज मुहूर्त मिळत असेल तर उन्हाळ्यात तोच घ्या, फक्त मग जेवणं रात्री होतात आणि दिव्यांची व्यवस्था दुप्पट लागते.

होमकुंडावरचं कापड बाजूला घ्या किंवा तिथे मांडव दहा फुटांपेक्षा उंच ठेवा. धूर होतो तो होमामुळे कमी आणि ओलसर सामानामुळे जास्त. गोवऱ्या आणि समिधा आदले दोन दिवस कडक उन्हात टाका. ज्वाळा धरण्याआधीच पळीभर तूप ओतलं की विस्तव गुदमरतो आणि सगळ्यांचे डोळे लाल होतात; आधी कापूर, मग बारीक काटक्या, मग तूप. कुंडाखाली विटा आणि दोन-तीन इंच वाळू अंथरा, नाहीतर फरशी तडकते. वाळूची एक बादली शेजारी ठेवा आणि पदर-उपरणी सांभाळायला एक जबाबदार माणूस बसवा.

सजावटीवर फार बोलण्यासारखं नाही. आंब्याचे टहाळे, दाराला झेंडूचं तोरण, खांबांना केळीचे खुंट, अंगणात रांगोळी. रांगोळी रहदारीच्या वाटेवर काढू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्ची किंवा आवार वापरायला सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी नको. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही. ८० माणसांना खरं तर एक माइक आणि एक सनईची ध्वनिफीत पुरते.

पाणी, वीज, न्हाणीघर

हॉलवाला हे सगळं बघत असतो, म्हणून घरच्या लग्नात ते कुणाच्या लक्षात येत नाही. ८० माणसं, हात धुणं, संडास, भांडी मिळून दिवसाला दीड ते दोन हजार लिटर पाणी जातं. टाकी आदल्या रात्री भरलेली हवी आणि टँकरचा नंबर हाताशी. पिण्यासाठी वीस लिटरचे आठ जार सांगा, उन्हाळ्यात दहा. संडास एकच असेल तर शेजाऱ्यांना आठवडाभर आधी विचारा आणि त्यांच्याकडे साबण, बादली, पुसणं आपण नेऊन ठेवा.

विजेचं दुखणं पहाटे पाच वाजता कळतं. दोन गिझर, मिक्सर, इस्त्री आणि मांडवातले हॅलोजन एकाच वेळी चालू झाले की एमसीबी पडतो, आणि नवरी डोक्याला शिकेकाई लावून अंधारात उभी राहते. मांडवाचा आणि बाहेरच्या स्वयंपाकाचा भार जनरेटरवर किंवा तात्पुरत्या जोडणीवर टाका. घरातल्या लाइनवर एका वेळी एकच गिझर. बारा-पंधरा मुक्कामी माणसांच्या आंघोळी दहा-दहा मिनिटांच्या धरल्या तरी दोन-अडीच तास जातात, म्हणून आंघोळीच्या क्रमाचा कागद न्हाणीघराच्या दारावर चिकटवा. नवरी, तिचे आईवडील आणि मामा आधी. बाकीच्यांनी रुसू नये.

हळद शक्यतो आदल्या संध्याकाळी लावा. पाव किलो पूड, त्यात तेल किंवा दूध, भरपूर होते. हळदीच्या कपड्यांना आणि पाटांवरच्या वस्त्राला आधी साबण लावला की डाग लालभडक होतो. घाबरू नका, तो हळदीचा साबणाशी होणारा गुण आहे. गार पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवा, दोन-तीन उन्हांत डाग बराच उडतो.

स्वयंपाक : आचारी बाहेरचा, मेनू घरचा

घरच्या बायकांनी लग्नाच्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही, ही एक अट आधीच ठरवून टाका. आई आणि काकू मंगलाष्टकांच्या वेळी मागच्या दाराशी पुऱ्या लाटत असतील तर घरी लग्न करून मिळवलं काय? लाडू, करंज्या, चटण्या, मेतकूट असं टिकणारं घरच्यांनी आठवडाभर आधी करावं. त्या निमित्ताने सगळ्या जमतात, गप्पा होतात, रुखवतही सजतं. ऐन दिवशी एक आचारी, त्याचे दोन मदतनीस आणि सहा वाढपी.

मेनू लहान ठेवा: साधं वरण, भात, मसालेभात, बटाट्याची पिवळी भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, खोबऱ्याची चटणी, पापड-कुरडया, मठ्ठा आणि एक गोड. दोन गोडं केली की दोन्ही उरतात. अळूचं फदफदं करायचं असेल तर पानं चिरण्यापासून चिंच घालण्यापर्यंत आचाऱ्याला ते येतं का हे आधी विचारा. आंबट कमी पडलं तर पंगतभर घसे खाजतात.

८० माणसांचा शिधा असा. मसालेभाताला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तोंडली, साध्या भाताला तीन किलो. तूरडाळ अडीच किलो. बटाटे नऊ किलो. पुरीला सात किलो कणीक आणि अर्धा किलो रवा. किलोला साधारण साठ पुऱ्या होतात, म्हणजे माणशी पाच. काकडी चार किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो. मठ्ठ्याला सहा किलो दही आणि नऊ लिटर पाणी. लिंबं पंचवीस, चार फोडी करून. तूप एक किलो, तेलाचा पंधरा किलोचा एक डबा. गोड म्हणून जिलबी सांगितलीत तर आठ किलो. श्रीखंड घरी करणार असाल तर चार किलो चक्का आणि चार किलो साखर. गॅस म्हणून १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर आणि एक जास्तीचं.

बिघडतं कुठे ते सांगतो. पाच किलोचा मसालेभात एकाच पातेल्यात केला की तळाचा गिच्च होतो आणि वरचा कच्चा राहतो. अडीच-अडीच किलोची दोन पातेली करा. दुसरं पातेलं पहिली पंगत अर्ध्यावर आली की चढवा, म्हणजे दुसऱ्या पंगतीलाही वाफाळता भात मिळतो. पाणी घरच्या अंदाजाने घालू नका. भांडं मोठं असलं की त्या मानाने पाणी कमी आटतं. घरी एकाला दोन घालत असाल तर इथे पावणेदोन पुरे. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर काकडीला पाणी सुटून तिचं सार होतं. पानं मांडायला सुरुवात झाली की मीठ, आणि फोडणीही तेव्हाच. पुरीची कणीक घट्ट भिजवलेली आणि भिजवून अर्ध्या तासाच्या आत वापरलेली हवी. सैल पडली, फार वेळ राहिली की पुरी तेल पिते. रवा कुरकुरीतपणासाठी आहे, तो जास्त घातला तर गार पुरी चामट लागते.

वाढप्यांचं वाटप नावानिशी करा: एक भात, एक वरण-तूप, एक भाजी-कोशिंबीर, एक पुरी, एक गोड, एक पाणी-मठ्ठा. "सगळ्यांनी सगळं वाढा" म्हटलं की सहाही जण जिलबी घेऊन फिरतात आणि वरणाला माणूस नसतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला आणि भाजी उजवीकडे, हे माणसं बसायच्या आधी वाढून घ्या, भात-वरण-तूप बसल्यावर. एक पंगत ४० मिनिटं, मध्ये आवराआवर १५ मिनिटं. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, लहान मुलं, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, आणि लांब परत जाणारे. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांसाठी टेबलं बाजूला मांडा. ८० त पंधरा-वीस माणसं तरी तिथे बसतातच.

आग्रह करा, पण गोडाचा. भाताचा आग्रह पानात राहतो.

कोठीची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा आणि तो माणूस वधूचा किंवा वराचा सख्खा कुणी नसावा. साखर, तूप, नारळ, ताटं, आहेराच्या वस्तू सगळं त्याच्या वहीत. आत्याचे यजमान या कामाला बहुधा उत्तम असतात: घरचे असतात, पण विधीत त्यांचं काम नसतं.

मुहूर्ताची अर्धी घटका

अक्षता आदल्या दिवशी रंगवा. दोन किलो अखंड तांदूळ, कुंकू, चमचाभर तूप, पाण्याचा जेमतेम शिपका. परातीत चोळून सावलीत पसरून ठेवा. ऐनवेळी ओल्या कुंकवाने रंगवलेल्या अक्षता शालूवर पडल्या की ठिपके जात नाहीत. माणशी पंचवीस ग्रॅम म्हणजे एक मूठ होते, ती पाच-सहा वेळा चिमटीने टाकायची असते. गुळगुळीत फरशीवर पडलेले तांदूळ पायाखाली गोळ्यांसारखे घसरतात. मंगलाष्टकं संपली की हार घालून होताच कुणीतरी झाडू फिरवायला हवा, नाहीतर वाकून नमस्कार करायला येणारी पहिली आजी पडते. वाया जाणारं धान्य नको वाटत असेल तर निम्म्या अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या घ्या.

मुहूर्ताचं घड्याळ एकच ठरवा, आणि ते गुरुजींच्या समोर ठेवा. शार्दूलविक्रीडित वृत्तातलं एक मंगलाष्टक संथ म्हटलं तर साधारण मिनिट, सव्वा मिनिट घेतं. १२ वाजून २० मिनिटांचा मुहूर्त असेल तर मामांनी नवरीला १२ वाजून ८ मिनिटांनी आणून उभं करावं आणि १२ वाजून १० मिनिटांनी पहिलं मंगलाष्टक सुरू व्हावं. घरातल्या हौशी मंडळींनी रचलेली मंगलाष्टकं ही दारातल्या लग्नाची शान असते, पण त्यांना दोनाचीच मर्यादा घाला आणि कागद आदल्या दिवशी वाचून घ्या. वधूवरांच्या आजोबा-पणजोबांसकट सगळ्यांची नावं यमकात बसवणारे एक काका प्रत्येक घरात असतात; त्यांचं मंगलाष्टक पहिलं ठेवा, शेवटचं नको, म्हणजे मुहूर्त हुकत नाही.

अंतरपाट दूर होतो त्या क्षणी फोटोसाठी वीस मोबाइल पुढे येतात आणि मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात. बोहल्यापुढे सहा फुटांवर एक दोरी किंवा रांगोळीची रेघ आखा, आणि तिच्या आत फक्त आईवडील, मामा, करवल्या, गुरुजी आणि फोटोवाला.

कागद

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा अर्ज ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो, त्यानंतर दंड लागतो. अर्ज नमुना 'ड' मध्ये, शहरात महापालिका-नगरपालिकेच्या कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत. वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. घरच्या लग्नात पत्रिका छापलेलीच नसते, सगळी आमंत्रणं व्हॉट्सअॅपवर गेलेली असतात, आणि मग कार्यालयात खोळंबा होतो. दहा-पंधरा का होईना, तारीख, वेळ आणि घराचा पूर्ण पत्ता असलेल्या पत्रिका छापून घ्या. अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते. तो नमुना आधीच आणून ठेवा आणि गुरुजी दक्षिणा घेऊन निघायच्या आत त्यांची सही, नाव आणि पत्ता भरून घ्या. तिन्ही साक्षीदारही त्या दिवशी मांडवातच असतात, त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो तेव्हाच काढा. आहेराच्या वहीतून वधू आणि वर यांना मिळालेल्या भेटींच्या दोन वेगळ्या याद्या करून दोघांच्या सह्या घ्या. हुंडा प्रतिबंध कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनी तशा याद्या ठेवायला सांगितलेल्या आहेत.

मांडववाल्याची भांडी परत द्यायची ती मोजून, त्याच्याच माणसासमोर. झारे आणि पाण्याचे जग हमखास कमी भरतात. ते बहुतेक वेळा शेजारच्या घरी सापडतात.